शिरूर ते दौंड : सायकलवरचा शेवटचा दिवस

पुणे जिल्ह्यात फिरायला जायचे म्हटले की बहुतेकांची बोटे नकाशावर पश्चिमेकडे वळतात. लोणावळा, सिंहगड, मुळशी. पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके आपण पाहतो ते एसटीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून, नगरला किंवा सोलापूरला जाता जाता. तिथे मुद्दाम उतरावे असे काही आहे, असे कुणी सांगत नाही. म्हणूनच नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघांनी सायकलवरून हाच मुलूख पाहायचे ठरवले. आम्ही दोघे, नववीतली थोरली आणि सहावीतला धाकटा. सायकली साध्याच होत्या, गिअरची एकच. रोज तीस-चाळीस किलोमीटरचा बेत होता. फक्त शेवटचा दिवस लांबचा, शिरूरहून दौंडपर्यंत, पन्नासेक किलोमीटरचा.

आधीचे तीन दिवस थोडक्यात सांगतो. शिक्रापूरपर्यंत सायकली टेम्पोने नेल्या, कारण पुणे-नगर रस्त्यावरच्या वाहतुकीत मुलांना घालायचे नव्हते. तिथून पाबळ. पाबळचे गाव मस्तानीला इनाम होते आणि तिची कबरही इथेच आहे. १७४० मध्ये बाजीराव पेशवे गेले आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. तिचा मुलगा शमशेर बहादूर १७६१ च्या पानिपतात लढला आणि तिथल्या जखमांनीच वारला. सिनेमातला भपका डोक्यात ठेवून गेलेल्या मुलांना ती साधी, मोकळ्या अंगणातली कबर पाहून आश्चर्य वाटले. गावातले हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे फुले वाहतात. पाबळमध्येच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, शेती, बांधकाम, वीजजोडणी हाताने करत शिकतात.

दुसऱ्या दिवशी चिंचेच्या झाडांचे आणि मोरांचे मोराची चिंचोली पाहिले. तिसऱ्या दिवशी टाकळी हाजी. गावाच्या नावातच हाजी आहे, याची धाकट्याला फार गंमत वाटली. इथे कुकडी नदीच्या काळ्या कातळात पाण्याने रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. पलीकडच्या काठावर पारनेर तालुक्यातले निघोज. पुराच्या पाण्यात अडकलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरतात आणि हजारो वर्षांत दगडाला भोक पाडतात. पाणी मऊ असते हे मुलांना माहीत होते. ते किती चिवट असते, हे तिथे कळले.

ही कुकडी पुढे घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. म्हणजे नकळत आम्ही पाण्याच्या मागोमागच चाललो होतो. शेवटच्या दिवशी घोडेच्या काठावरून भीमेच्या काठावर जायचे होते.

घोडनदीची सकाळ

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची इथे मोठी लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावची लढाई झाली. त्याआधीचा इथला एक अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. गावकरी त्याला 'सत्पुरुष' मानू लागले आणि त्याच्या थडग्यापुढे धूप जाळू लागले, अशी नोंद इंग्रजांच्या काळातल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. परक्या देशातून आलेला शिपाईगडी, आणि इथल्या माणसांनी त्याला आपला करून टाकला. आपल्या मुलखाची ही खोड जुनीच आहे.

फजर पढून, चहा-पाव खाऊन सात वाजता निघालो. थंडी इतकी की ब्रेकवरची बोटे वळत नव्हती. शिरूर-चौफुला रस्त्याने न्हावऱ्याकडे जाताना सुरुवातीचा भाग माळरानाचा आहे. बाभळी, मेंढरांचे कळप, मध्येच कांद्याची वावरे. नंतर एकदम ऊस सुरू होतो. घोड धरणाचे आणि चासकमानचे कालवे जिथपर्यंत पोचले तिथपर्यंत हिरवे, आणि पुढे पुन्हा करडे. मोटारीतून ही सीमारेषा दिसत नाही. डोळा लागला तर ती निघूनही जाते. सायकलवर मात्र ती अंगाला कळते. उसाजवळ आले की हवा गार होते आणि मातीचा ओला वास येतो. थोरली म्हणाली, "इथे पाणी कुठे आहे ते डोळे मिटूनही सांगता येईल."

न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना आहे. डिसेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुकलेला ऊस, आणि मागे दिवा असेलच असे नाही. अशी गाडी मागून आली की आम्ही चौघेही सायकल डांबराखाली उतरवून उभे राहायचो. हा नियम पहिल्या दिवशीच ठरवला होता आणि त्यात कुणालाही सूट नव्हती.

इनामगावचा उंचवटा

न्हावऱ्यानंतर मोठा रस्ता सोडून इनामगावकडे वळलो. हे गाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत जगभर वाचले जाते, पण फाट्यावर विचारले तेव्हा एकाने पुन्हा विचारले, "तिथे काय बघायला?" खरेच, डोळ्यांना दिसेल असे फार काही नाही. घोडेच्या उजव्या काठावर मातीचे उंचवटे, त्यांवर बाभळी, आणि पावसाने उघड्या पडलेल्या खापऱ्या. पण १९६८ ते १९८३ अशी सुमारे पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. अन्सारी साहेबांचे नाव आपल्या घरांत फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची गोष्ट जमिनीतून वर काढणाऱ्यांत ते होते.

ती गोष्ट अशी. इ. स. पू. १६०० च्या सुमारास इथे लोक वस्तीला आले. ते गहू आणि बार्ली पिकवत, गाईगुरे पाळत, चाकावर सुंदर रंगीत मडकी घडवत. घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. नदीचे पाणी शेताकडे वळवायला त्यांनी पाट खणला, शेजारी दगडमातीचा बांध घातला. गावच्या प्रमुखाचे घर पाच खोल्यांचे आणि त्याला लागून धान्याचे कोठार. मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत ते ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. आपले लेकरू उंबऱ्याबाहेर एकटे पडू नये, असेच त्या आईबापांना वाटत असेल का? हे ऐकून दोन्ही मुले काही वेळ गप्प होती.

इ. स. पू. १००० नंतर चित्र बदलते. हवामान कोरडे होत गेले असावे, असे ढवळीकरांनी मांडले. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली, माणसे वर्षातला काही काळ भटकू लागली. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. पाणी असेपर्यंत घराला कोपरे होते. पाणी आटले आणि घर गोल झाले, असे आम्ही मुलांना समजावले. इथे सापडलेल्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. ते आधी पाहून मग इनामगावला आले तर हा उंचवटा बोलू लागतो. खापऱ्या मात्र जिथल्या तिथे ठेवायच्या. धाकट्याने खिशात घातलेली एक परत ठेवायला लावली.

उसाच्या फडाजवळ

इनामगावहून आतल्या रस्त्याने दोन-तीन किलोमीटर गेलो, तर रस्त्याकडेला पुन्हा गोल झोपड्या. या आजच्या होत्या. ऊसतोड कामगारांच्या कोप्या. बांबूच्या चटया वाकवून केलेल्या, आत उभे राहता येणार नाही एवढ्या. बाहेर तीन दगडांची चूल, दोरीवर वाळणारे कपडे, बैलांपुढे उसाचे वाढे. ही माणसे बहुतेक बीडकडची. दिवाळीच्या आगेमागे येतात आणि उन्हाळा लागला की परततात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर तोडून ती फेडायची.

पाणी मागायला थांबलो. कोप्यांपाशी एकच मोठे माणूस होते, एक म्हातारी. बाकी सगळे फडात. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन आली आणि कळशीतून तांब्या भरून दिला. तिचे लक्ष मात्र थोरलीच्या सायकलकडे.

"लांबून आलाव?"

"पुण्याहून. चार दिवस झाले."

"सायकलीवर?" ती हसली. "माझी बी हाय. गावाकडं. साळंत जायला. आता घरातच पडून आसंल."

थोरलीने काही न बोलता हँडल तिच्यापुढे केले. मुलीने भाऊ म्हातारीकडे दिला, परकराचा घोळ आवरला, आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि बसली. पहिली दोन पायडले डगमगली. मग ती सरळ शेताच्या रस्त्याने दूरवर गेली, वळली, परत आली आणि न उतरताच पुन्हा गेली. धाकटा मागे पळत होता. म्हातारी म्हणत राहिली, "आगं, पडशील." ती पडली नाही. परत आली तेव्हा धाप लागलेली होती. सायकल स्टँडवर नीट लावली, भाऊ पुन्हा कडेवर घेतला.

ती सातवीत आहे. दिवाळीपर्यंत शाळेत होती. आता उन्हाळ्यात घरी गेल्यावर जमेल तशी परीक्षा. अशा मुलांना गावीच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण घरात धाकटा भाऊ असला की त्याला सांभाळायला बहीणच लागते. आमची मुले चार दिवसांच्या सुट्टीवर होती. तिचे अर्धे वर्ष असेच जाते.

पुढे बराच वेळ थोरली सगळ्यांच्या पुढे राहून एकटीच चालवत होती.

दोन पूल

घोड ओलांडली की नगर जिल्हा लागतो. काष्टी हे जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव. तिथे भजी-पाव खाल्ले आणि नगर-दौंड रस्त्याला लागलो. हा शेवटचा टप्पा सगळ्यांत अवघड गेला. चढ नव्हता, पण ट्रक होते आणि समोरून वारा. धाकट्याचे पाय थकले होते. दर तीन किलोमीटरला थांबायचे, असा करार करून त्याला पुढे आणले.

दौंडच्या अलीकडे भीमेचा पूल आहे आणि शेजारी रेल्वेचा. पुलावर चढण्याआधी खाली उतरून जोहरची नमाज पढलो. वजू मात्र नदीवर केला नाही, बाटलीतल्या पाण्यानेच केला. वाहत्या नदीकाठी असलात तरी वजूला पाणी उधळू नका, ही प्रेषितांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण कारण तेवढेच नव्हते. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता आणि वास येत होता. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि ते सगळे इथे येते. म्हणजे आमच्याच घरातून गेलेले पाणी आम्हाला भेटत होते. आदल्या दिवशी पाहिलेले, कुकडीच्या कातळात खळगे पाडणारे पाणीही याच नदीत येते. मुलांना ही दोन्ही पाणी एका जागी दाखवता आली, याचे बरे वाटले आणि वाईटही.

शेजारच्या पुलावरून मनमाडकडची गाडी गेली. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर भुकेली माणसे राबली होती. इंग्रजी कागदांत दौंडचे नाव तेव्हा 'धोंड' असे लिहिलेले सापडते. पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तेवढ्या वेळात फलाटावर उतरून चहा प्यायला नाही, असा जुना प्रवासी विरळाच. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे काही गाड्या दौंड स्थानकाला वळसा घालून परस्पर जातात.

फुफीच्या घरी

दौंड हे रेल्वेने घडवलेले गाव आहे. सोलापूर, मनमाड, बारामती अशा तिकडच्या मार्गांचे जंक्शन, रेल्वेच्या वसाहती, राज्य राखीव पोलीस दलाचे तळ. नोकरीसाठी नाना प्रांतांचे लोक आले आणि इथलेच झाले. आमच्या फुफीचे घरही असेच. वडील रेल्वेत, नवरा रेल्वेत. साडेतीन वाजता धुळीने माखलेले आम्ही तिच्या दारात उभे राहिलो, तर तिने आधी गरम पाणी दिले, मग दस्तरखान मांडले. खिचडा आणि कांदा-लिंबू. कुणी अर्धा तास बोललेच नाही.

मग फुफीने विषय काढला. "पोरगी आता मोठी झाली. पुढच्या साली दहावी. हे सायकल-बियकल आता किती दिवस?"

हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. धाकट्याला कुणी विचारत नाही. मुलगी आठवी-नववीत गेली की सायकल हळूच जिन्याखाली जाते. कुणी मनाई करत नाही, फक्त हवा भरायची राहून जाते. आम्ही काही बोलणार तोच थोरलीने विचारले, "दादी, तुम्ही कधी चालवली होती?"

फुफी हसली. "अगं, चालवली म्हणजे! भाईजानची मोठी सायकल. सीटवर पाय पुरायचा नाही, मग नळीखालून पाय घालून कैची. रेल्वे कॉलनीत संध्याकाळी रोज. तुझ्या आजोबांना मीच शिकवली, कुणाला सांगू नकोस."

"मग सोडली का?"

फुफीने उत्तर द्यायला वेळ घेतला. "सोडली नाही. सुटली. शादी झाली, कॉलनी गेली." आणि मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मी वयावरून नाही बोलत, बेटा. आमच्या कॉलनीत गाड्या नव्हत्या. आता त्या ट्रकांच्या रस्त्यावर पोरगी जाणार, तर जीव लागतो का? तुम्ही रस्त्याचं बघा. मग मी कशाला अडवू?"

तिचे म्हणणे रास्त होते. मोठी झाली म्हणून थांबव, असे म्हणणे एक आणि रस्ता नीट नाही म्हणून काळजी वाटते, हे दुसरे. आपल्या घरांत ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळतात आणि पहिल्याचे ओझे मुलीच्या डोक्यावर येते. खरे तर दुसऱ्यावर उपाय आहे. तो मोठ्यांनी करायचा आहे.

मुलींची सायकल ही क्षुल्लक गोष्ट नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल चालवू लागल्या, त्यात मुसलमान बायकाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला शाळेत सोडणे, यांसाठी कुणाची वाट पाहायची गरज उरली नाही. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या वाढली. आमच्या थोरलीच्याच वयाच्या मुली.

मगरिबनंतरच्या गाडीने परत निघालो. सायकली टेम्पोने पुढे गेल्या होत्या. वाटेत केडगाव स्टेशन आले. बाहेर अंधार होता, पण इथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ, निराधार मुली इथे आणल्या आणि त्यांना वाचन-लेखनाबरोबर विणकाम, छपाई अशी कामे शिकवली. मुलीच्या हाताला साधन द्यावे आणि मग तिच्यावर विश्वास ठेवावा, हा विचार या दौंड तालुक्यात सव्वाशे वर्षांचा आहे.

अशा सहलीला जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण उसाच्या वाहतुकीपासून सावध राहा. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचा. सायकलच्या मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच. पंक्चरचे सामान, पंप आणि माणशी दोन लिटर पाणी सोबत ठेवा. आणि वाटेतल्या माणसांसाठी थोडा वेळ.

घरी आल्यावर आम्ही रस्त्याचे बघितले. शाळा तीन किलोमीटर. मुख्य रस्त्याऐवजी सोसायट्यांच्या मागचा रस्ता अर्धा किलोमीटर लांब पडतो, पण तिथे ट्रक येत नाहीत. हेल्मेट आणले, मागचा दिवा बसवला. पहिले पंधरा दिवस घरातले कुणीतरी सोबत जाईल, असे ठरले. रिक्षावाल्या काकांना सलाम करून सांगितले की आता फक्त धाकटा येईल. पहिल्या आठवड्यात एकदा चेन निघाली. थोरलीने ती स्वतःच बसवली आणि काळ्या हातांनी वर्गात गेली.